चिरंजिवांची गाडी

बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना सामान बांधण्याची विद्या कोणी शिकवावी लागत नाही. आमच्या चौतीस वर्षांच्या सेवेत आम्ही नऊ वेळा बिऱ्हाड हलविले. ग्वाल्हेर, शिलाँग, भुवनेश्वर, तेव्हाचे अलाहाबाद, पुन्हा ग्वाल्हेर आणि शेवटी दिल्ली, अशी आमची परिक्रमा झाली. दर वेळी तीच खोकी, तेच तरट आणि तीच सुतळी. प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालावयाचा आणि त्या क्रमांकांची यादी दोन प्रतींत करावयाची, हा आमच्या लेखापरीक्षण खात्याचा संस्कार. जड पेटारे आधी आणि मालमोटारीच्या पुढच्या अंगाला. काचसामान गाद्यांच्या कुशीत. देवांची पेटी मात्र सौभाग्यवतींच्या मांडीवर. चिरंजीव तेव्हा लहान होते. यादीची दुसरी प्रत हातात घेऊन ते मालमोटारीच्या फळीपाशी उभे राहत आणि हमाल खोके चढवू लागला की मोठ्याने क्रमांक पुकारत. ही विद्या निवृत्तीनंतर, तीही इंग्लंडात, एका पांढऱ्या व्हॅनच्या पोटात पुन्हा उपयोगी पडेल, असे मात्र आम्हांला कधी वाटले नव्हते.

चिरंजीव यंत्र-अभियंता आहेत. लंडनच्या पश्चिमेस, रेल्वेने अर्ध्या तासाच्या अंतरावर रेडिंग नावाचे शहर आहे. तेथे ते पंधरा वर्षे राहिले आहेत आणि आता तेथील नागरिकही झाले आहेत. ज्या कंपनीत ते होते, तिने 2023 मध्ये खर्चात काटछाट केली आणि त्या काटछाटीत त्यांची जागा गेली. ते दुसरी नोकरी शोधीत असतील, असे आम्ही गृहीत धरले होते. नोकरी गेलेल्या माणसाने दुसरी नोकरी शोधावी, यापलीकडे आमची कल्पना जाणार तरी कोठे? पण 2024 च्या आरंभी एका रविवारी त्यांचा दूरध्वनी आला.

"बाबा, मी खिडक्या धुण्याचा व्यवसाय सुरू करतोय. त्यासाठी गाडी घेतली आहे."

आम्ही काही बोललो नाही. बोलावयास काही सुचलेच नाही, हे अधिक खरे. दूरध्वनी सौभाग्यवतींनी आमच्या हातातून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "वर चढावं लागतं का रे?"

आज त्या क्षणाचा विचार करताना वाटते, की आम्हां उभयतांच्या मनात त्या वेळी उंचीचाच प्रश्न होता. फरक इतकाच, की त्यांच्या मनात शिडीची उंची होती आणि आमच्या मनात पदाची.

दिल्लीत आमच्या वसाहतीतील मराठी मंडळी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकत्र जमतात. आपली मुले कोठे आहेत आणि काय करतात, ही त्या बैठकीची अलिखित कार्यपत्रिका असते. वाचकांपैकी ज्यांनी परप्रांतात दिवस काढले आहेत, त्यांना हे सांगावयास नको. गावाकडे माणसाला घराण्याने ओळखतात, वाड्याने ओळखतात. परप्रांतात आपल्याला ओळख असते ती हुद्द्याची, आणि हुद्दा संपला की मुलांची. त्या शनिवारी आमची पाळी आली तेव्हा आम्ही म्हणालो, "चिरंजीव आता जलशुद्धीकरणाच्या क्षेत्रात उतरले आहेत." सर्वांनी समाधानाने माना हलविल्या. एकाने तर हे पुढच्या काळातील मोठेच क्षेत्र असल्याचे सांगून आमचे अभिनंदनही केले. आम्ही ते स्वीकारले.

मे महिन्यात आम्ही उभयता रेडिंगला गेलो. घराबाहेर ती गाडी उभी होती. आठ वर्षे वापरलेली, मध्यम आकाराची, पांढरी, आतून रिकामी. दुसऱ्याच दिवशी चिरंजिवांनी विचारले, "बाबा, गाडीवर आपलं आडनाव घालू ना?"

"कशाला?" आम्ही म्हणालो, "नुसता दूरध्वनीचा क्रमांक घाल. लोकांना क्रमांकाशी काम."

ते काही बोलले नाहीत. गाडीच्या दोन्ही बाजू कोऱ्याच राहिल्या.

चहाच्या निमित्ताने आम्हांला या व्यवसायाचा पहिला धडा मिळाला. त्या घरातील विजेच्या किटलीच्या बुडाशी क्षाराचा पांढरा खरखरीत थर बसलेला होता. थेम्सच्या त्या खोऱ्यात जमिनीखाली खडूचा दगड आहे. त्यातून झिरपलेले पाणी आपल्याबरोबर चुना घेऊन येते. असे पाणी काचेवर ओतले आणि तसेच वाळू दिले, तर पाणी उडून जाते व चुना मागे राहतो. काचेवर पांढरे ठिपके पडतात. म्हणून काच धुतली की ती पुसलीच पाहिजे, आणि वरच्या मजल्याची काच पुसावयाची म्हणजे शिडी आलीच. बादली, फडके, रबरी पट्टीचा पुसणा आणि शिडी, हा खिडक्या धुणाराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सरंजाम होता.

चिरंजीव सांगू लागले, की 2005 साली तिकडे उंचीवरील कामाविषयी नियम झाले. त्या नियमांनी शिडीला बंदी केली नाही. पण उंचीवर चढण्यापूर्वी हे काम जमिनीवर उभे राहून होण्याजोगे आहे काय, हा प्रश्न आधी विचारणे बंधनकारक केले. खिडक्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे देता येते, कारण पाणीच असे करावयाचे की ज्यात मागे राहण्यासारखे काही उरणार नाही. मग काच पुसावी लागत नाही, आणि पुसावी लागत नाही म्हणून चढावे लागत नाही. लांब पोलाच्या टोकाला ब्रश, पोलाच्या आतून गेलेली बारीक नळी, ब्रशमधून उडणाऱ्या पाण्याच्या धारा, आणि या सर्वांच्या मागे पाण्याची टाकी वाहणारी गाडी.

"आई, मी जमिनीवरच उभा असतो," ते शेवटी म्हणाले. सौभाग्यवतींचा प्रश्न तेथे मिटला. आमचा शिल्लक राहिला.

गॅरेजमध्ये त्यांनी पाणी शुद्ध करण्याची मांडणी आधीच केलेली होती. दिल्लीकरांना ती निम्मीशी परिचयाची वाटेल. आपल्या ओट्याच्या वर टांगलेले आर.ओ. यंत्रच ते, फक्त आकाराने थोरले. प्रथम गाळ अडविणारी गाळणी. मग कोळशाची गाळणी, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन पुढच्या नाजूक पडद्याला खराब करते. मग तो पडदा, ज्यातून दाबाखाली पाणी पलीकडे जाते आणि बहुतेक क्षार अलीकडेच राहतात. येथवर आपले यंत्र थांबते. यांच्या मांडणीत मात्र पुढे आणखी एक नळकांडे होते, रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेले. उरलेसुरले क्षार हे मणी धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात पाण्याचेच घटक सोडतात. चिरंजिवांनी खिशातून लेखणीएवढे मापक काढले. नळाच्या पाण्यात बुडविले, तेव्हा आकडा आला 318. पडद्यापलीकडच्या पाण्यात 12. रेझिनमधून आलेल्या पाण्यात शून्य.

आम्ही तो आकडा दोनदा पाहिला. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. म्हणजे रेडिंगचे नळाचे पाणी माणसांना पिण्यास सर्वथा योग्य होते. काचेला मात्र ते चालत नव्हते. माणसाच्या पोटापेक्षा काचेची परीक्षा कडक, हे आम्हांला नवीन होते. शंकाही आली. पडद्यातून जेवढे शुद्ध पाणी मिळते, जवळजवळ तेवढेच क्षारयुक्त पाणी दुसऱ्या नळीने बाहेर वाहून जात होते. टँकरच्या रांगा पाहिलेल्या माणसाला ते पाहवत नाही. आम्ही तसे बोललो. दुसऱ्या दिवशी त्या नळीखाली एक पिंप आले आणि सूनबाई त्यातील पाण्याने अंगण धुऊ लागल्या. लेखापरीक्षकाच्या आक्षेपाची इतक्या त्वरेने दखल घेतली गेल्याचा प्रसंग आमच्या साऱ्या सेवेत आम्हांला आठवत नाही.

या यशाने आम्हांला धीर आला आणि आम्ही गाडीच्या हिशेबात लक्ष घातले. चिरंजिवांना साडेसहाशे लिटरची एक वापरलेली टाकी स्वस्तात मिळत होती. मोठी टाकी असली की दिवसभर चिंता नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्ही कागद मागितला.

पाण्याचा हिशेब सोपा असतो. लिटरला एक किलो. गाडीच्या कागदपत्रांप्रमाणे तिला माणसांसकट एक हजार किलो भार वाहण्याची मुभा होती. साडेसहाशे लिटर पाण्याचे साडेसहाशे किलो. रिकामी टाकी आणि तिला आवळून धरणारी पोलादी चौकट मिळून पंच्याऐंशी. बॅटरी पंचवीस. नळी आणि तिची फिरकी चाळीस. खालची व बाजूंची प्लायवुडची फळी पन्नास. पोल, ब्रश आणि किरकोळ साहित्य तीस. दोन माणसांचे दीडशे. बेरीज एक हजार तीस.

"तीस किलोंनी काय होतं बाबा?"

"तीस किलोंनी गुन्हा होतो," आम्ही म्हणालो. भार अधिक असला की थांबावयास अंतर अधिक लागते, दंड होतो तो वेगळाच, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न वजनाचाच विचारील. मग आम्ही उलट बाजूने हिशेब मांडला. ब्रशमधून मिनिटाला सुमारे दीड लिटर पाणी जाते. एका साध्या घराला पंधरा मिनिटे, म्हणजे साडेबावीस लिटर. दिवसाला वीस घरे झाली तरी साडेचारशे लिटर. मग साडेसहाशे वाहून न्यावयाचे कोणासाठी? पाचशे लिटरची टाकी घेतली, तर ती आणि चौकट मिळून सत्तर किलो, आणि एकूण बेरीज आठशे पासष्ट. एकशे पस्तीस किलो हाताशी शिल्लक. चिरंजिवांनी कागद घेतला, बेरीज पुन्हा करून पाहिली आणि पाचशेची टाकी मागविली. ती थोडी महाग पडली. पण आत आडव्या फळ्या असलेली होती. गाडी थांबली तरी आतले पाणी थांबत नाही, ते पुढे उसळते. त्या फळ्या त्याचा जोर मोडतात.

टाकी कोठे ठेवावयाची, याविषयी चर्चाच झाली नाही. आम्ही काही बोलण्यापूर्वी त्यांनीच गाडीच्या फरशीवर खडूने चौकोन आखला. पुढे, चालकामागच्या पोलादी भिंतीला लागून आणि दोन्ही बाजूंस समान अंतर सोडून.

"जड पेटारे आधी, पुढच्या अंगाला," ते म्हणाले.

आम्हांला एकदम शिलाँगच्या पावसातली ती मालमोटार आठवली, आणि ओल्या कागदावरचे क्रमांक पुकारणारा तो बारीक आवाज. आम्ही काही बोललो नाही.

टाकी नुसत्या पट्ट्यांनी बांधून चालत नाही. गाडी कोठे आदळली, तर मागचे अर्धा टन पाणी सरळ चालकाच्या पाठीवर येईल. म्हणून पोलादी चौकट फरशीतून आरपार नटबोल्टांनी बसवावयाची, आणि फरशीचा पत्रा फाटू नये म्हणून खालून प्रत्येक बोल्टाला जाड पट्टी द्यावयाची. फरशीला भोक पाडण्यापूर्वी खाली काय आहे ते पाहणे अगत्याचे, कारण इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या तेथूनच जातात. ही पाहणी करण्यासाठी कोणी तरी खाली जावयास हवे होते. सूनबाई कामावर गेलेल्या. सौभाग्यवतींनी घरातून जुनी चटई आणून दिली.

अशा रीतीने भारत सरकारचा एक सेवानिवृत्त वरिष्ठ लेखापरीक्षण अधिकारी, अंगात लोकरी बंडी, डोक्याला माकडटोपी आणि हातात विजेरी घेऊन, रेडिंगच्या एका गल्लीत व्हॅनखाली उताणा पडला. शेजारचे इंग्रज गृहस्थ कुत्रे फिरवीत जात होते. त्यांनी वाकून हवेविषयी दोन शब्द काढले. आम्हीही पडल्या पडल्या हवेविषयी अनुकूल मत दिले.

चार भोके पडली. वरून चिरंजीव बोल्ट सोडीत होते, खाली आम्ही पट्टी लावून नट पान्याने धरीत होतो. मध्ये फरशी असल्यामुळे एकमेकांची तोंडे दिसत नव्हती. तिसऱ्या बोल्टाच्या वेळी वरून आवाज आला.

"बाबा, परवा तुम्ही फोनवर दिल्लीच्या काकांना जलशुद्धीकरण म्हणालात. मी जिन्यात होतो."

आम्ही पाना घट्ट धरला. आमच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होते ते आम्हांलाही ठाऊक नाही. ते कोणी पाहिले नाही, एवढेच बरे झाले.

"तसं ते खोटं नाही म्हणा," वरचा आवाज म्हणाला. थोडा वेळ गेला. "फक्त तिकडे कुणी विचारलं तर मला तेच सांगायचं का, एवढं सांगून ठेवा. नाहीतर माझ्या तोंडून भलतंच जायचं."

त्यात राग नव्हता. राग असता तर आम्हांला उत्तर देता आले असते. रागाला उत्तर देण्याचा सराव आम्हांला बापपणाने दिलेला आहे. हा नुसता प्रश्न होता, एखाद्या नवशिक्या कारकुनाने टिपणी कशी लिहावयाची ते विचारावे तसा. आम्ही म्हणालो, "चौथा बोल्ट सोड." त्याने सोडला. त्या दिवशी एवढेच झाले.

पुढची कामे भराभर झाली. पंपासाठी गाडीच्या मूळ बॅटरीला हात लावावयाचा नसतो, नाहीतर संध्याकाळी गाडीच सुरू होत नाही. म्हणून बारा व्होल्टची वेगळी बॅटरी. गाडी चालू असताना ती भरली जाते आणि बंद झाली की मूळ बॅटरीपासून तुटते. पाण्याचा जोर कमीजास्त करण्याचे एक बटण. शंभर मीटर नळी गुंडाळलेली फिरकी मागच्या दारापाशी, म्हणजे गाडी रस्त्यावर उभी करून घराच्या परसापर्यंत जाता यावे. पहिल्या चाचणीला एका सांध्यातून पाणी ठिबकले आणि नवी फळी भिजली. सांधा पुन्हा खोलून बसविला. पोल कार्बनच्या धाग्यांचा, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा. हाताला हलका, पण वीज वाहून नेणारा. म्हणून डोक्यावर विजेच्या तारा असतील तेथे तो उभारावयाचाच नाही, हे चिरंजिवांनी आईसमोर दोनदा म्हणून दाखविले.

जूनच्या मध्यास एका सकाळी त्यांनी विचारले, "बाबा, येता का आज?" आम्ही गेलो.

त्या भागात जुन्या घरांची एक रांग आहे. काही घरांच्या भिंतींत खिडकीच्या आकाराचा कोनाडा विटांनी बुजविलेला दिसला. इंग्लंडात 1696 पासून 1851 पर्यंत खिडक्यांवर कर होता. जितक्या खिडक्या अधिक तितका कर अधिक. म्हणून लोकांनी उजेड बंद करून पैसा वाचविला. बुजविलेली प्रत्येक खिडकी करामुळेच बुजलेली असते असे नाही. काही नुसत्या शोभेच्या प्रमाणासाठी पहिल्यापासून आंधळ्या बांधलेल्या असतात. तरीही सरकारी माणसाचे मन त्या विटांपाशी घोटाळले. आमच्यासारख्याच कोणा अधिकाऱ्याने दारोदार हिंडून खिडक्या मोजल्या असतील. आणि आज आमचा मुलगा दारोदार हिंडून त्या धूत होता. दोघांत गावाला अधिक उपयोगी कोण, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला लगेच देता आले नाही.

चौथे घर एका एकट्या वृद्ध बाईंचे होते. वय नव्वदीच्या घरात असावे. त्या दिवसातला पुष्कळसा वेळ वरच्या मजल्यावरील खिडकीशी खुर्ची टाकून बसतात, असे चिरंजिवांनी वाटेत सांगितले होते. त्यांच्याकडे हे पहिलेच धुणे होते. पहिल्या धुण्याला वेळ अधिक लागतो, कारण मळ काचेपेक्षा चौकटीत अधिक असतो, आणि चौकट आधी स्वच्छ केली नाही तर तिच्यातील घाण मागाहून काचेवर ओघळते. म्हणून वरून खाली, आधी चौकट, मग काच, आणि शेवटी ब्रश थोडा दूर धरून नुसत्या पाण्याने निथळणे. मळ काढतो तो ब्रशच. शुद्ध पाण्याचे काम तो वाहून नेणे आणि आपण मागे न राहणे.

वरची खिडकी झाल्यावर ते खालच्या दिवाणखान्याच्या खिडकीशी आले. तीही धुऊन झाली. काचेवर शेकडो थेंब तसेच होते. चिरंजीव नळी गुंडाळू लागले. आमच्याने राहवेना. काम अर्धवट टाकून हा निघाला की काय, आणि आतून त्या बाई पाहत असतील, असे वाटून आम्ही खिशातून हातरुमाल काढला आणि काचेकडे गेलो.

"बाबा, राहू द्या," ते मागून म्हणाले. "पुसलंत तर डाग पडेल. आपोआप वाळेल."

आम्ही हातरुमाल हातात धरून उभे राहिलो. चौतीस वर्षांत आमच्यासमोरून असा एकही कागद गेला नसेल की ज्यावर आम्ही काही लिहिले नाही. 'पाहिले', 'चर्चा करावी', 'खुलासा मागवावा', निदान आद्याक्षरे तरी. काम झाले याची खूण मागे राहिलीच पाहिजे, हा आमच्या पिढीचा आणि पेशाचा धर्म. येथे धर्म उलटा होता. काही मागे राहिले तर काम बिघडले. दहा मिनिटांत थेंब एकेक करून गेले. ठिपका नाही, ओघळ नाही. काच आहे की नाही अशी शंका यावी इतकी ती स्वच्छ झाली, आणि त्या काचेत हातरुमाल धरून उभे असलेले आम्ही आम्हांला दिसलो.

इतक्यात वरची खिडकी उघडली. त्या बाई वाकून म्हणाल्या, की समोरच्या झाडावर घरटे आहे हे त्यांना ठाऊक होते. पण त्यात पिले आहेत हे आज कळले. मग आमच्याकडे पाहून त्यांनी चिरंजिवांना विचारले, "हे तुमचे मदतनीस का?"

चिरंजिवांनी आमच्याकडे पाहिले. ते उत्तर देईनात. गाडीखालच्या त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून दिले नव्हते, हे आम्हांला तेव्हा उमगले.

"हा माझा मुलगा," आम्ही इंग्रजीत म्हणालो. "तो खिडक्या धुतो. मी त्याचे हिशेब पाहतो."

रात्री जेवताना आम्ही सहज विचारावे तसे विचारले, "गाडीवर अक्षरं कोण चिकटवून देतं रे इकडे?" सूनबाईंनी चिरंजिवांकडे पाहिले. चिरंजीव आमटी वाढून घेत होते. ते म्हणाले, "आहे एक जण. क्रमांकच ना?"

"क्रमांक खाली," आम्ही म्हणालो. "वर आडनाव. आणि मधे काय काम करतोस ते स्पष्ट शब्दांत."

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही दिल्लीस परतलो. गणेशोत्सवात मंडळाची सगळी माणसे एकत्र आली आणि आरतीनंतर प्रसाद घेता घेता एक जुने सहकारी म्हणाले, "काय, चिरंजिवांचं जलशुद्धीकरण कसं चाललंय?" आम्ही मोबाइल काढून गाडीचे छायाचित्र त्यांच्यासमोर धरले. आमचे आडनाव निळ्या अक्षरांत, खाली इंग्रजीत 'खिडक्या धुऊन मिळतील' अशा अर्थाचे शब्द, आणि त्याखाली क्रमांक. "खिडक्या धुतो," आम्ही म्हणालो. "स्वतःची गाडी आहे. टाकी बसविताना आम्ही खाली होतो."

ते बराच वेळ छायाचित्र पाहत राहिले. आजूबाजूची दोन-तीन माणसेही वाकून पाहू लागली. आमचे कान गरम झाले होते, हे कबूल करतो; थोड्या दिवसांच्या धैर्याने साठ-सत्तर वर्षांची सवय जात नाही. मग आमचे सहकारी हळूच म्हणाले, "आमचा धाकटा कॅनडात परिवहन क्षेत्रात आहे, असं मी सांगत असतो ना?"

"हो."

"ट्रक चालवतो. लांब पल्ल्याचा." त्यांनी मोबाइल आमच्या हातात परत दिला, आणि पुन्हा मागून घेऊन चित्र मोठे करून पाहिले. "किती लिटरची टाकी म्हणालात?"

"पाचशे," आम्ही म्हणालो. "साडेसहाशेची स्वस्तात मिळत होती. पण वजनात बसेना."